अनंताची पाने, कळ्या आणि मुळे : वाचकांचे प्रश्न

अनंताबद्दल आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांची तक्रार एकच, फक्त दोन तोंडांची : पाने पिवळी पडतात आणि कळ्या उमलायच्या आत गळतात. म्हणून ही दोन उत्तरे लांब आहेत, बाकीची जेमतेम गरजेपुरती. एक विनंती आधीच करतो. अनंताला काहीही घालण्यापूर्वी पान उलटून पाहा, कळी फोडून पाहा, कुंडीच्या तळाच्या भोकात बोट घालून पाहा. हे झाड चुकीच्या उपायाने चटकन बिघडते आणि सावरायला त्याला महिने लागतात.

प्रश्न : अनंत म्हणून आणलेल्या रोपाला भिंगरीसारख्या पाकळ्यांची फुले आली. ही तगर तर नाही?

एक पान देठापाशी तोडा. दुधासारखा चीक आला तर ती तगर. अनंताला असा चीक नसतो. तगर कण्हेरीच्या कुळातली, अनंत कॉफीच्या कुळातला. डबल तगरीचे फूल लांबून अनंतासारखे दिसते, त्यामुळे गल्लत नेहमी होते. फूल नसतानाही फरक कळतो : अनंताची पाने जाड, गडद आणि तेल लावल्यासारखी चकचकीत असतात, बरेचदा एका पेरावर तीन-तीन येतात, आणि पेरावर दोन देठांच्या मध्ये खोडाला बिलगलेले एक पातळ पापुद्र्यासारखे आवरण असते. अनंताचे फूल पांढरे उमलते आणि शिळे होताना सायीसारखे पिवळट होते. तगरीचे पांढरेच राहून कोमेजते.

ओळख पटवणे गरजेचे आहे, कारण दोघांची निगा निराळी. तगर चुनखडीच्या मातीतही तग धरते, अनंत त्याच मातीत पिवळा पडून बसतो. त्याच्या ‘गार्डेनिया जास्मिनॉइडिस’ या शास्त्रीय नावातल्या ‘जास्मिनॉइडिस’चा अर्थ ‘जाई-मोगऱ्यासारखा’ एवढाच आहे. तो मोगऱ्याच्या कुळातला नाही, म्हणून मोगऱ्याची भर उन्हातली, कडक छाटणीची पद्धत त्याला लावू नका.

प्रश्न : सहा महिन्यांत अनंताची पाने पिवळी पडत चालली आहेत. एप्सम सॉल्ट दोनदा घातले, उपयोग नाही. आता काय घालू?

आधी काही घालू नका. पिवळेपणा कुठे सुरू झाला ते पाहा, कारण उत्तर तिथेच आहे.

शेंड्याची नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र जाळीसारख्या हिरव्या दिसत असतील तर ती लोहाची उणीव. लोह एकदा पानात बसले की तिथून हलत नाही. झाडाला ते जुन्या पानातून काढून नव्याला देता येत नाही, म्हणून उपासमार नव्या पानांची होते. मॅग्नेशियमचे उलटे आहे. ते झाड जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवते, त्यामुळे खालची पाने कडेकडून पिवळी होतात आणि देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असते, लोह नव्हे. तुमच्या झाडाची कोवळी पाने पिवळी असतील तर त्याचा उपयोग न होणे साहजिक आहे. खालची पाने शिरांसकट सरसकट फिकट झाली तर नत्र कमी पडते आहे. आणि झाडाच्या आतल्या बाजूची दोन-चार जुनी पाने एकदम पिवळीधमक होऊन गळली, शेंडा मात्र हिरवागार फुटतो आहे, असे असेल तर काहीच करायचे नाही. अनंत नवी पालवी फुटताना जुनी पाने टाकतो.

पाचवी शक्यता सर्वांत धोक्याची. पाने निस्तेज, पिवळट, माती ओली आणि तरीही झाड तहानल्यासारखे मलूल. ही मुळे कुजल्याची खूण आहे. कुंडी आडवी करून गोळा हलकेच बाहेर काढा. चांगली मुळे पांढरट किंवा फिकट तांबूस आणि टणक असतात. कुजलेली काळपट, मऊ असतात आणि ओढली की साल सुटून आत दोऱ्यासारखा धागा राहतो. अशा वेळी खत घालणे म्हणजे झाड मारणे. कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने कापा, कोरड्या, मोकळ्या मिश्रणात पुन्हा लावा, मुळे जितकी गेली त्या मानाने वरच्या फांद्या कमी करा आणि नवी पालवी दिसेपर्यंत सावलीत ठेवून बेताचेच पाणी द्या.

मुळे ठीक असतील आणि उणीव लोहाची असेल, तरी मातीत लोह नाही असा त्याचा अर्थ नसतो. लोह बहुधा असते, पण मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा; कमी म्हणजे आम्ल, जास्त म्हणजे अल्क) ६.५ च्या वर गेला की ते न विरघळणाऱ्या रूपात अडकते. अनंताला ५ ते ६ सामू मानवतो. तेव्हा काम दोन टप्प्यांत करायचे : आज झाडाला लागणारे लोह द्यायचे आणि सामू हळूहळू खाली आणायचा.

आजचे लोह म्हणजे चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूत धरून ठेवलेले लोह. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. ईडीटीए प्रकारचे लोह साधारण ६.५ सामूपर्यंतच टिकते. त्याहून अल्कधर्मी मातीत ईडीडीएचए प्रकार घ्या, तो ९ पर्यंतही काम करतो. रंगाने तो गडद तांबडा असतो. बारा इंची कुंडीला १ ग्रॅम, १ लिटर पाण्यात विरघळवून, ओल्या मातीत द्या. उन्हाने तो निकामी होतो, म्हणून पानांवर फवारू नका. तीन आठवड्यांनी एकदा पुन्हा द्या. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, स्वस्त पडते, पण त्याचे खडे फिकट हिरवे असतील तरच घ्या. तपकिरी झालेले हिराकस गंजलेले असते आणि झाडाला लागू पडत नाही. मातीत द्यायला ते लिटरला २ ग्रॅम पुरते आणि द्रावण लगेच वापरायचे. रात्रभर ठेवलेले द्रावण तांबूस होते, ते टाकून द्या. फुलांवर किंवा फरशीवर सांडले तर डाग पडतात, तेवढे सांभाळा.

सामू उतरवायला शेतीचे गंधक. बारा इंची कुंडीत १ छोटा चमचा (४ ते ५ ग्रॅम) वरच्या दोन बोटे मातीत मिसळा. मातीतले जिवाणू त्याचे आम्ल करतात आणि त्यासाठी त्यांना ऊब, ओल आणि काही आठवडे ते महिने लागतात. घाई करून दर आठवड्याला घालत राहिलात तर दोन महिन्यांनी सगळे एकदम कामाला लागेल आणि मुळे भाजतील. पुढचा चमचा तीन-चार महिन्यांनी, आणि तोही सामू मोजल्यावर.

जमिनीत लावलेल्या झाडासाठी गंधकाआधी एक परीक्षा : मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर मातीत मोकळा चुना आहे. तो सगळा संपेपर्यंत गंधक सामू हलवू शकत नाही, आणि तो संपत नाही. तिथे जमिनीशी झुंजण्यापेक्षा अनंत मोठ्या कुंडीत किंवा उंच वाफ्यात वेगळ्या मिश्रणात लावणे हेच शहाणपणाचे.

आधीच पिवळी झालेली जुनी पाने पुरती हिरवी होतीलच असे नाही. उपाय लागू पडला की नाही हे उपायानंतर आलेल्या नव्या पानांच्या रंगावरून ठरवा.

प्रश्न : मिश्रण आम्लधर्मी केले, तरी वर्षभरात पाने पुन्हा पिवळी. असे का होते?

पाण्यामुळे. कठीण पाण्यातले बायकार्बोनेट रोज थोडेथोडे करून मातीचा सामू वर ढकलतात. कुंडीच्या कडेला किंवा मातीवर पांढरी पापडी दिसते का पाहा, ती याचीच खूण.

सर्वांत उत्तम पावसाचे साठवलेले पाणी. ते नसेल तर गाळणयंत्राचे क्षाररहित पाणी आणि नळाचे पाणी निम्मे-निम्मे. निव्वळ क्षाररहित पाणी सतत दिले तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी पडतात. मिठावर चालणाऱ्या यंत्रातून मऊ केलेले पाणी मात्र अजिबात नको. त्यात चुन्याच्या जागी सोडियम आलेले असते आणि ते मुळांना अधिक वाईट.

सायट्रिक आम्ल चालते. कठीण पाण्याच्या १० लिटरला २ ग्रॅम घालून ढवळा, सामूपट्टीने मोजा आणि ६ च्या आसपास येईपर्यंत अर्धा-अर्धा ग्रॅम वाढवा. प्रत्येक ठिकाणचे पाणी निराळे, म्हणून मोजल्याशिवाय आकडा पक्का धरू नका. याचा परिणाम तात्पुरता असतो, कारण मातीतले जिवाणू सायट्रिक आम्ल खाऊन टाकतात. दर पाण्याला हा खटाटोप जमणार नसेल तर वरच्या उत्तरातले गंधक हाच टिकाऊ मार्ग.

चुना, राख, अंड्याची टरफले आणि हाडांचे खत अनंताच्या कुंडीत घालू नका. ही सगळी सामू वाढवणारी आहेत. वापरलेल्या कॉफीच्या चोथ्याबद्दलही विचारणा होते. त्यातले आम्ल कॉफी गाळतानाच निघून जाते, चोथा जवळजवळ उदासीन असतो, आणि मातीवर जाड थर दिला तर पापुद्रा धरून पाणी अडवतो. कंपोस्टच्या ढिगात घाला, कुंडीत नको.

प्रश्न : झाड हिरवेगार आहे, कळ्या भरपूर लागतात, पण फुगायच्या सुमारास एकेक करून गळतात. एकही फूल मिळत नाही.

कळी कोणत्या वयात आणि कोणत्या रूपात गळते, त्यावर कारण ठरते.

मुगाएवढ्या लहान कळ्या पिवळ्या होऊन गळत असतील तर पहिला संशय पाण्यावर घ्या. कळी धरल्यापासून उमलेपर्यंत कित्येक आठवडे जातात आणि या काळात माती एकदा जरी पार सुकली तरी झाड कळ्या टाकते. गंमत म्हणजे आज सुकलेल्या मातीची शिक्षा चार-आठ दिवसांनी दिसते, तोवर आपण भरपूर पाणी देऊन चुकलेलो असतो आणि दोष त्या पाण्याला देतो. रोज ठरलेला एक तांब्या ओतण्यापेक्षा बोट मातीत दोन पेरे घाला. वरचे पेर कोरडे, खालचे ओलसर असेल तेव्हा तळातून पाणी निथळेपर्यंत द्या आणि ताटलीत साचलेले ओतून टाका.

कोकोपीट किंवा पीटचे मिश्रण एकदा कडकडीत वाळले की पाणी झिडकारते. वरून घातलेले पाणी कुंडीच्या कडेने सरळ खाली जाते, तळातून वाहताना दिसते आणि मुळांचा गोळा आत कोरडाच राहतो. कुंडी उचलून पाहा. पाणी दिल्यावरही हलकी लागली तर ती अर्धा तास पाण्याच्या टबात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा.

दुसरे कारण रात्रीचे तापमान. अनंत कळ्या धरतो ते रात्री १५ ते १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असताना. रात्रीही हवा तापलेलीच राहिली तर नव्या कळ्या धरत नाहीत आणि धरलेल्या कमकुवत राहतात. हवा आपल्या हातात नाही, पण दिवसभर तापून रात्री उष्णता ओकणाऱ्या भिंतीपासून कुंडी चार-पाच फूट दूर नेणे हातात आहे. याच प्रकारचा दुसरा त्रास म्हणजे कोरडा वारा. पानांवर पाणी शिंपडून दमटपणा टिकत नाही, काही मिनिटांत उडून जातो, आणि कळीत साचलेले पाणी बुरशीला आमंत्रण देते. त्यापेक्षा कुंड्या एकत्र दाटीने ठेवा, वाऱ्याच्या बाजूला आडोसा करा आणि मातीवर दोन इंच पालापाचोळ्याचे आच्छादन द्या.

तिसरे, जागा बदलणे. कळ्या लागल्यावर कुंडी इकडून तिकडे हलवू नका, फिरवूसुद्धा नका. नर्सरीतून कळ्यांनी भरलेले रोप आणले की पहिल्या पंधरा दिवसांत कळ्या गळणे हे ठरलेलेच आहे. त्यात तुमची चूक नाही आणि त्यावर औषधही नाही. रोप घेताना कळ्या मोजण्याऐवजी पानांची उलटी बाजू आणि मुळे पाहावीत.

मोठी, पांढरा टोक दाखवणारी कळी तपकिरी होऊन न उमलता अडकते तेव्हा कारण बहुधा सजीव असते. ती कळी पांढऱ्या कागदावर फोडून झटका. तांदळाच्या कणीहूनही बारीक, लांबट, पिवळट-काळे किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे. कळीला भोक आणि आत विष्ठा दिसली तर अळी. करडी लव दिसली तर बुरशी, आणि ती ओलसर, कोंदट हवेत येते. तिन्ही बाबतींत बिघडलेल्या कळ्या आधी तोडून पिशवीत बांधून टाका, कुंडीतच पडू देऊ नका. फुलकिड्यांसाठी कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच निंबोळी तेलाची फवारणी सुरू करावी लागते. पाकळ्यांत शिरल्यावर त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नाही.

सावलीतल्या झाडाचे कारण साधे आहे : झाड कळ्या पोसू शकत नाही. सकाळचे चार ते सहा तासांचे ऊन आणि दुपारची सावली एवढे मिळाले पाहिजे. ते नसेल तर बाकी सगळे करूनही फुले बेताचीच येतील.

प्रश्न : कुंडीसाठी नेमके मिश्रण सांगा.

मापाने : ३ भाग कोकोपीट किंवा चांगले कुजलेले पानांचे खत, २ भाग पाइनची साल किंवा नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, १ भाग गांडूळ खत, १ भाग परलाइट (खडक तापवून फुगवलेले हलके पांढरे दाणे) किंवा जाड वाळू. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, कारण त्यात क्षार राहिलेले असतात. वाळूवर व्हिनेगरची परीक्षा करा. शिंपल्यांचा चुरा असलेली वाळू चुन्याचेच काम करते. गांडूळ खत यापेक्षा जास्त घालू नका. ते पौष्टिक असले तरी बरेचदा किंचित अल्कधर्मी असते, आणि जास्त झाले की मिश्रण घट्ट बसते.

कुंडी एका वेळी दोन इंचांनीच मोठी करा. छोटे रोप मोठ्या कुंडीत लावले की मुळे न पोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि कूज तिथून सुरू होते. लावताना खोड आणि मुळे जिथे मिळतात तो भाग मातीच्या पातळीच्या किंचित वर राहू द्या. खोड मातीत गाडलेला अनंत वर्षभर बरा दिसतो आणि मग बुंध्यापासून वाळत जातो. कुंडी बदलायची ती फुले संपल्यावर, कळ्या असताना नाही.

प्रश्न : खत कोणते आणि किती वेळा?

नवी पालवी येत असताना दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत १ लिटर पाण्यात १ ग्रॅम, ओल्या मातीत. महिन्यातून एकदा त्याऐवजी अमोनियम सल्फेट, तेही लिटरला १ ग्रॅमच. अमोनियाच्या रूपातला नत्र मातीला आम्लतेकडे नेतो, नायट्रेटचा उलट दिशेला, म्हणून अनंताला पहिला बरा. कळ्या फुगू लागल्या की नत्राचा हात आखडता घ्या. कडाक्याच्या थंडीत, वाढ थांबलेली असताना, खत बंद. पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत होऊ लागल्या तर क्षार साचले आहेत : कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून माती धुऊन काढा आणि महिनाभर काही देऊ नका.

प्रश्न : मागच्या वर्षी छाटणी केली, त्यानंतर वर्षभर फूल नाही. छाटायचे की नाही?

छाटायचे, पण वेळ चुकवायची नाही. अनंताचे फूल फांदीच्या टोकाला येते. मुख्य बहर ओसरल्यावर तीन-चार आठवड्यांत छाटले तर नवी फुटलेली टोके पुढच्या बहरासाठी तयार होतात. उशिरा, थंडीच्या तोंडावर किंवा थंडीत छाटले तर तुम्ही कळ्याच कापता, मग त्या डोळ्याला दिसोत वा न दिसोत. तुमच्याकडे हेच झाले असावे.

एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. काप पानांच्या जोडीच्या अर्धा सेंटिमीटर वर घ्या. आधी वाळलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या, मग आकार. उंच, बुंध्याशी उघडे पडलेले जुने झाड एकदम खाली आणण्याऐवजी दर वर्षी जुन्या फांद्यांपैकी एक तृतीयांश अशी तीन वर्षांत नवी करा. कात्री स्पिरिटने पुसून घ्या. खोडाच्या सालीवर खडबडीत फुगवटा येऊन वरची फांदी वाळते, असा एक बुरशीजन्य रोग अनंतावर आढळतो आणि तो जखमेतूनच शिरतो. तशी फांदी दिसली तर फुगवट्याच्या बऱ्याच खाली, निरोगी लाकडात कापून जाळून टाका.

प्रश्न : पाने काजळी फासल्यासारखी काळी झाली आहेत. बुरशीनाशक मारले, पुन्हा काळी.

काळी बुरशी पानावर जगत नाही, पानावर पडलेल्या गोड चिकट्यावर जगते. तो चिकटा पांढरी माशी, मावा, पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड टाकते. झाड हलवल्यावर पांढरे कण उडाले तर पांढरी माशी. पण तिची पिल्ले उडत नाहीत, ती पानाच्या उलट्या बाजूला चपट्या, जवळजवळ पारदर्शक ठिपक्यांसारखी चिकटून रस शोषतात. खरे लक्ष्य तीच.

आधी पाण्याचा जोरकस फवारा पानांच्या खालून मारा. संध्याकाळी १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १ ते २ मिली मऊ द्रव साबण खूप ढवळून, पांढरे झाल्यावर, पानांच्या दोन्ही बाजू निथळेपर्यंत फवारा. सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा. एकदाच फवारून थांबणे ही नेहमीची चूक, कारण अंड्यांवर परिणाम होत नाही आणि आठवड्यात नवी पिल्ले निघतात. हवा ३२ अंशांवर असेल किंवा माती कोरडी असेल तेव्हा तेल फवारू नका, पाने भाजतात. उमललेल्या फुलांवरही नको. पिठ्या ढेकूण थोडे असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर ती आधी तोडा : त्या चिकट्यासाठी या किडींची राखण करतात आणि त्यांच्या शत्रूंना हाकलतात.

कीड गेली की काजळी ओल्या फडक्याने पुसली जाते. नव्या पानांवर ती येत नाही.

प्रश्न : एका रात्रीत शेंड्याची पाने फस्त. मागे शिंग असलेली जाड हिरवी अळी सापडली.

ही कॉफीवरच्या पारदर्शक पंखांच्या पतंगाची अळी. कॉफी आणि अनंत एकाच कुळातले, त्यामुळे तिला दोन्ही चालतात. शिंग मऊ असते, टोचत नाही. हाताने वेचा, तेवढे पुरते. पानांच्या रंगात ती दिसत नाही, म्हणून खाली पडलेल्या काळ्या लेंड्या पाहा आणि त्यांच्या सरळ वर शोधा. औषधाची गरज नाही. निरोगी झाड तीन आठवड्यांत पालवी भरून काढते.

प्रश्न : फांदीपासून रोप करायचा प्रयत्न तीनदा फसला.

बहुधा फांदी चुकीच्या वयाची होती. अगदी कोवळी, लवचिक फांदी सडते, तपकिरी लाकूड झालेली फारच सावकाश मुळे धरते. बुंध्याकडे किंचित टणक पण अजून हिरवी, वाकवली तर कडकन मोडेल अशी घ्या. १० ते १२ सेंटिमीटर लांब, फुलकळी नसलेली. काप पेराच्या लगेच खाली. खालची पाने काढा, वरची दोन-तीन ठेवा आणि ती मोठी असतील तर निम्मी कापा. आयबीए (मुळे फुटायला मदत करणारे संप्रेरक) असलेली मुळांची पावडर खालच्या टोकाला लावून झटका. कोकोपीट आणि परलाइट सम प्रमाणात, ओलसर पण मुठीत दाबल्यावर पाणी न गळणारे. त्यात आधी काडीने भोक करून फांदी खोचा, म्हणजे पावडर घासून जात नाही. वर पारदर्शक पिशवी, तिचा स्पर्श पानांना नको. उजेड भरपूर, ऊन अजिबात नाही. खालून ऊब, २२ ते २५ अंशांची, मिळाली तर फार लवकर काम होते.

मुळे चार ते आठ आठवड्यांत येतात. मध्येच उपटून पाहू नका. हलके ओढल्यावर अडकल्यासारखे वाटले आणि शेंडा वाढू लागला की पिशवीला एकेक भोक वाढवत आठवडाभरात काढा. नव्या रोपाची पहिली कळी खुडून टाका, जीव मुळांत जाऊ द्या.

एकच रोप हवे असेल तर गुटी कलम अधिक भरवशाचे. पेन्सिलएवढ्या जाड फांदीची दीड-दोन सेंटिमीटर साल गोल काढा, लाकडावरचा बुळबुळीत थर खरवडा, ओले शेवाळ बांधून प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळा. मुळे प्लॅस्टिकमधून दिसली की खालून कापा.

प्रश्न : फुलाला हात लावला की तपकिरी डाग पडतो. फुलदाणीत कसे टिकवायचे?

पाकळीच्या पेशी दाबाने फुटतात आणि तिथला रस हवा लागून तपकिरी होतो. बोटे ओली केली तर घर्षण कमी होते, पण खरा उपाय म्हणजे फूल देठाने किंवा खालच्या पानांनी उचलणे. पहाटे, बाहेरच्या पाकळ्या सुटलेल्या आणि मधला गाभा अजून मिटलेला असताना तोडा. लांब देठ पाण्यात ठेवून फारसे साधत नाही. उथळ वाडग्यात पाण्यावर तरंगत ठेवले तर फूल दोन-तीन दिवस चांगले राहते. शेजारी पिकलेली फळे ठेवू नका, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने फूल लवकर पिवळे होते.

प्रश्न : आमच्या एकेरी अनंताला नारिंगी फळ लागले आहे. ठेवू की काढू?

बी हवे असेल तर ठेवा, नाहीतर काढा. झाडाचा जीव बीमध्ये जातो. डबल फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, म्हणून त्यांना सहसा फळ धरत नाही. एकेरीला धरते. उभ्या कंगोऱ्यांच्या या फळातला पिवळा रंग क्रोसिनचा, म्हणजे केशरात असतो तोच. बीपासून झाड होते, पण फुलायला दोन-तीन वर्षे घेते.

प्रश्न : मांजराने पाने चावली. विषारी आहे का?

कुत्र्या-मांजरांना अनंत सौम्य विषारी आहे. उलटी किंवा जुलाब होऊ शकतात. तोंडातले तुकडे काढा, पाणी द्या, आणि उलट्या थांबत नसतील तर पशुवैद्याकडे न्या. नुकतीच फवारणी झाली असेल तर औषधाचे नाव सोबत न्या.

प्रश्न : जमिनीतला सात वर्षांचा अनंत खुजा होत चालला आहे. खत, पाणी, लोह सगळे देऊन झाले. मुळांवर गाठी दिसतात.

या गाठी सूत्रकृमींच्या, म्हणजे मातीतल्या डोळ्याला न दिसणाऱ्या दोऱ्यासारख्या कृमींच्या आहेत. धुतल्या तरी निघत नाहीत, कारण त्या मुळावर नसून मुळातच फुगलेल्या असतात. मुळांची पाणी ओढण्याची ताकद त्यामुळे जाते, म्हणून वरून झाड एकाच वेळी तहानलेले आणि उपाशी दिसते. लोह आणि खताचा उपयोग झाला नाही तो यामुळेच. लागण झालेल्या झाडाची मुळे स्वच्छ करता येत नाहीत. भरपूर कुजलेले सेंद्रिय खत आणि जाड आच्छादन देऊन ते काही वर्षे तगवता येते. आजूबाजूला झेंडू दाट लावला तर मातीतली सूत्रकृमींची संख्या घटायला मदत होते, पण मुळात शिरलेल्या जात नाहीत. त्याच्या निरोगी शेंड्यांपासून आताच छाट कलमे करून ठेवा. फांदीतून सूत्रकृमी येत नाहीत. नवे रोप त्याच खड्ड्यात लावू नका. जमिनीतच लावायचे असेल तर गार्डेनिया थनबर्गिया या जातीच्या खुंटावर (कलमाला खालून मुळे पुरवणाऱ्या झाडावर) बांधलेले कलम मागा. त्या खुंटाची मुळे सूत्रकृमींना दाद देत नाहीत. लावल्यावर कलमाच्या सांध्याखालून फुटलेले कोंब दिसताच खुडत राहा, नाहीतर दोन-तीन वर्षांत खुंटाचेच झाड उरेल.